उजनीतला तांबुसा: एका माशाच्या पत्त्याचा तपास

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला फोन वाजला. माझा जुना विद्यार्थी होता. बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं नोकरी शोधली आणि मग सोलापुरात होटगी रस्त्याकडे खानावळ टाकली. "सर, उजनीत समुद्राचा मासा घावलाय. कुत्र्यासारखे दात आहेत वो त्याला."

दर रविवारी त्याच्याकडे चिलापीची थाळी असते. आदल्या रात्री उजनीकाठच्या भिगवणकडून थर्माकोलची पेटी येते, पहाटे मावशी मासे निवडायला बसतात. त्या पहाटे चिलापीच्या थराखालून मावशींच्या हाताला हा लाल-तपकिरी मासा लागला. मावशींचं अर्धं आयुष्य उजनीचे मासे निवडण्यात गेलंय. वाम, शिवडा, मरळ, कटला, मृगळ, कानस यांपैकी हा कोणीच नाही, हे त्यांना न बघताही कळलं असतं. त्यांनी मासा बाजूला ठेवला, खानावळवाल्या पोराने फोटो काढला आणि नऊ वाजायच्या आत तो फोटो गावभर झाला. खाली मजकूर असा: "उजनी धरणात सापडला समुद्रातील दुर्मीळ लाल मासा! दूषित पाण्याचा परिणाम? मासे खाणाऱ्यांनो सावधान!"

एरवी असल्या पोस्टवर मी हसून पुढे गेलो असतो. पण दुपारी खानावळीतल्या मेंबरांनी चिलापीच्या थाळीला हात लावला नाही. बुधवारपर्यंत नेहमीचे तीन मासेविक्रेते तक्रार करू लागले, की गिऱ्हाईक पेटीत डोकावतं आणि "लाल तर नाय ना?" असं विचारून निघून जातं. पोराचं म्हणणं साधं होतं. "सर, तुम्ही दोन ओळी लिहून द्या. कॉलेजच्या सरांनी लिहिलंय म्हटलं की लोक ऐकतील."

दोन ओळी मी त्याच रविवारी फोनवरच सांगून टाकल्या होत्या: "समुद्राचा मासा गोड्या पाण्यात जगत नाही. त्यामुळे तो उजनीत असणं शक्यच नाही." निष्कर्ष बरोबर निघाला, पण त्यामागचं कारण साफ चूक होतं. हे सगळं सविस्तर लिहायला बसलो ते त्या चुकीमुळे.

आधी ओळख पटवू

मासा बर्फात ठेव, चिरू नको, असं त्याला सांगितलं आणि अकराच्या सुमाराला तिथे पोचलो. माझा पहिला संशय रूपचंदवर होता. आंध्रच्या तळ्यांतून बर्फाच्या पेट्यांमध्ये येणारा हा मासा सोलापुरात सर्रास मिळतो. पोट लालसर, अंग चपटं, आणि ज्याने पहिल्यांदा पाहिला तो हमखास "समुद्राचा पापलेट" म्हणतो. खरं तर तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, पिरान्हाच्या भाऊबंदांपैकी. पण रूपचंदचे दात माणसाच्या दाढांसारखे बोथट असतात, फळं-बिया फोडायला बनलेले. शिवाय पाठीवरच्या पंखाच्या मागे, शेपटीजवळ, त्याला मांसल असा छोटा पंख असतो. इथे तसला पंख नव्हता, आणि वरच्या जबड्यात पुढे दोन सुळे असे उभे होते की तोंड मिटलं तरी दिसत होते.

टेबलावर स्टीलची पट्टी ठेवून मोजलं. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 52 सेंटीमीटर. वजन सव्वादोन किलोला थोडं कमी. पाठ हिरवट तपकिरी, बाजू तांब्याच्या भांड्यासारख्या, पोटाकडे फिकट. पाठीच्या पंखात आधी काटे आणि मग मऊ किरणं. काटे बोटाने चाचपत मोजले, दहा भरले. बोटाला एक टोचलाही. जीभ खरवडून पाहिली तर तिच्यावर वाळूसारखे बारीक दात.

मग खवले. स्नॅपर या समुद्री माशांच्या घराण्यातल्या लुटजानस या प्रजातीत सत्तरच्या आसपास जाती आहेत आणि पाण्याबाहेर काढल्यावर रंग उतरला की त्यांतल्या निम्म्या एकमेकींसारख्या दिसतात. पण शरीराच्या मधून जी रेषा जाते, तिच्या वरच्या खवल्यांच्या ओळी बहुतेक जातींत तिरक्या चढत पाठीकडे जातात. या माशाच्या ओळी निदान पुढच्या भागात रेषेला समांतर होत्या, वहीच्या आखणीसारख्या. शेपटीजवळ काळा ठिपकाही नव्हता. म्हणजे लुटजानस अर्जेंटिमॅक्युलेटस. ज्याला कोकणात तांबुसा म्हणतात, कोणी तांबोशी म्हणतात, बाजारात रेड स्नॅपर म्हणून विकतात आणि ऑस्ट्रेलियात मँग्रोव्ह जॅक.

लॅटिन नावाचा अर्थ "चांदीचे ठिपके असलेला". हे नाव देणारा पीटर फॉर्सकॉल लाल समुद्राकाठी मासे गोळा करत फिरला आणि 1763 साली येमेनमध्ये हिवतापाने गेला. त्याच्या तुकडीतून जिवंत राहिलेला कार्स्टन नीबूर पुढे मुंबईलाही येऊन गेला. फॉर्सकॉलच्या टिपणांचं पुस्तक त्यानेच 1775 मध्ये छापून घेतलं. आमच्या मुलांना स्कोलिओडॉन या छोट्या मुशीचं विच्छेदन तोंडपाठ असतं. तांबुसा मात्र वर्गातल्या एकानेही पाहिलेला नव्हता.

तर फोटोखालच्या मजकुरातला "समुद्रातील" हा शब्द खरा ठरला. "दुर्मीळ" खोटा, कारण कोकणच्या बाजारात तांबुसा रोजचा आहे. राहिलं "उजनी धरणात सापडला".

माझी चूक

सोमवारी पोराचा पुन्हा फोन. त्याच्या पुतण्याने इंटरनेटवर शोधलं होतं. "सर, हा मासा नदीतपण राहतो म्हणे. गोड्या पाण्यात. तुम्ही तर नाही म्हणालात."

पुतण्या बरोबर होता. मी शहाणपणा केला होता.

समुद्राचं पाणी म्हणजे लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार. माशाच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी कायम बाहेर ओढलं जातं. तो खारं पाणी पितो, कल्ल्यांमधल्या खास पेशींतून जादा मीठ बाहेर टाकतो आणि लघवी अगदी मोजकी करतो. गोड्या पाण्यात बरोबर उलटं. पाणी आपसूक आत शिरतं, मीठ निसटतं. मग मासा पाणी पिणं बंद करतो, भरपूर पातळ लघवी करतो आणि त्याच कल्ल्यांनी पाण्यातलं तुटपुंजं मीठ वेचून आत घेतो. बहुतेक माशांना यांतलं एकच काम जमतं. पापलेट उजनीत सोडला तर काही तासांचा पाहुणा. तांबुसाला मात्र दोन्ही जमतात, आणि ते त्याच्या आयुष्यक्रमातूनच आलेलं आहे.

त्याचा जन्म खुल्या समुद्रात होतो. पूर्ण वाढलेले नर-मादी किनाऱ्यापासून दूर, खडकाळ किंवा प्रवाळाच्या तळावर जमतात आणि अंडी व शुक्रबीज थेट पाण्यात सोडतात. ना घरटं, ना राखण. एक मादी लाखांनी अंडी सोडते. अंडं मिलिमीटरपेक्षा लहान, आत तेलाचा एक थेंब, त्यामुळे खाऱ्या पाण्यात तरंगतं. दिवस उलटायच्या आत फुटतं. पुढचा महिनाभर ते पिल्लू प्रवाहावर वाहत राहतं आणि जे वाचतं ते खाडीच्या तोंडाशी येऊन लागतं. इथून पुढची काही वर्षं कांदळवनात जातात. तिवरांच्या मुळ्यांमध्ये लपायला जागा आणि खायला कोळंबी, खेकड्यांची पिल्लं, बोटभर मासे. या वयात अंगावर पांढुरके उभे पट्टे असतात आणि गालावर निळी रेघ. पावसाळ्यात खाडी गोडी होते, भरतीला खारट होते. दिवसातून दोनदा पाण्याची चव बदलते अशा ठिकाणी वाढणाऱ्याला दोन्ही कामं यावीच लागतात. त्यातली काही पिल्लं नदीत वर चढून पार गोड्या पाण्यापर्यंत जातात. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नद्यांमध्ये भरतीचं पाणी जिथे पोचतही नाही अशा डोहांत ती वर्षानुवर्षं राहतात.

मोठा होत अर्ध्या मीटरच्या आसपास आला की तांबुसा खाडी सोडतो. बाहेरचे खडक, बुडालेली जहाजं, प्रवाळाच्या कपारी इथपर्यंत, शंभर मीटरहून खोलही. महाराष्ट्राच्या बाजूला असा तळ मालवणजवळ आहे. आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं प्रवाळाचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. दिवसा कपारीच्या सावलीत, रात्री शिकारीला, हा या सगळ्या घराण्याचा शिरस्ता. गोबऱ्यासारखे प्रवाळातले शिकारी आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर नर होतात. स्नॅपरमध्ये तसं काही नाही, जन्माचा नर तो नर. प्रौढ व्हायला त्याला बरीच वर्षं लागतात आणि वाट्याला आलंच तर तीस वर्षांहून जास्त जगतो. म्हणूनच जिथे मोठे तांबुसे बेसुमार उचलले जातात तिथे भरपाई व्हायला वेळ लागतो.

मुद्दा असा, की तांबुसा उजनीच्या पाण्यात मरणार नाही. मी फोनवर दिलेलं कारण कचऱ्याच्या टोपलीत गेलं. आता प्रश्न पाण्याचा उरला नाही, वाटेचा उरला.

वाट

सोलापुरात समुद्र म्हटला की माणूस पश्चिमेकडे बोट दाखवतो. कोकण तिकडे, मुंबई तिकडे, सुट्टीत जायचं ते गणपतीपुळे तिकडे. आमच्या पाण्याचा समुद्र मात्र पूर्वेला आहे. भीमा भीमाशंकरला उगवते, अरबी समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर म्हणावा असा. पण सह्याद्रीने पाठ फिरवली आणि ती पंढरपुरावरून, आमच्या टाकळी-औजवरून कर्नाटकात जाऊन रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. कृष्णा मिळते बंगालच्या उपसागराला. तांबुसा तिकडेही असतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत त्याची वस्ती आहे, आणि सुएझ कालवा खोदल्यावर लाल समुद्रातून तो भूमध्य समुद्रातही पोचला. वाट मिळाली की हा मासा जातो, यात शंका नाही.

म्हणून फळ्यावर वाट काढली. कृष्णेच्या मुखाशी असलेलं एखादं धाडसी पिल्लू उजनीकडे निघालं, असं मुलांना सांगितलं. आधी विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज. मग पुलिचिंतला. मग नागार्जुनसागर, 124 मीटर उंच. त्याच्यावर श्रीशैलम, त्याहून उंच. मग जुराळा. इथवर आलं तर भीमेचा संगम. तिथून डावी-उजवी न चुकता भीमेत शिरलं, तर कर्नाटकातले बंधारे, सोन्नाचा बॅरेज, मग आपले चिंचपूर आणि औज, ज्यांच्या पाण्यावर सोलापूर शहराच्या टाक्या भरतात. पंढरपूर ओलांडलं की शेवटी खुद्द उजनीची भिंत. वर्गात एकजण म्हणाला, "सर, एवढं करून आला असेल तर त्याचा सत्कार करायला पाहिजे."

एक मोठी भिंत पुरते. गंगेत हिलसा पूर्वी अलाहाबादपर्यंत चढायचा. 1975 मध्ये फराक्का बॅरेज झाला आणि वरच्या गंगेतला हिलसा जवळपास संपला. तो तर पट्टीचा चढणारा. कृष्णेवर एकामागे एक पाच मोठ्या भिंती आहेत आणि त्या भीमेला पोचायच्या आधीच्या.

कोणी म्हणेल, धरण व्हायच्या आधी आलेल्याचा वंश असेल. उजनीचं धरण 1980 साली पूर्ण झालं. पण वंश चालायला अंडी पाहिजेत, आणि ती खाऱ्या पाण्याशिवाय तरंगत नाहीत, पिल्लंही तगत नाहीत. गोड्या पाण्यात तांबुसा जगेल, मोठाही होईल, पण बिनवारस.

उरली एकच शक्यता: कोणीतरी आणून सोडला. ही नुसत्या युक्तिवादाने उडवून लावता येत नाही. आग्नेय आशियात तांबुसा पिंजऱ्यांत पाळतात, त्याचं बी विकलं जातं. उजनीत आज काय काय नाही? चिलापी स्वतःच आफ्रिकेची, आणि आता "उजनीची चिलापी" म्हणून तिच्यावर हॉटेलं चालतात. काचेच्या टाक्यांतून सोडून दिलेला, अंगावर खरबरीत चिलखत असलेला सकर मासाही जाळ्यात येतो आणि जाळी फाडतो. मग एखाद्या हौशी माणसाने तांबुसाचं पिल्लू का सोडलं नसेल? भूगोलाने याचं उत्तर मिळणार नव्हतं. ते माशाच्या पोटात होतं.

ट्रे

खरं तर पोट रविवारी दुपारीच उघडलं होतं. तेव्हा त्याचं महत्त्व मला कळलं नव्हतं, नेहमीची पद्धत म्हणून उघडलं, जे निघालं ते बाटलीत भरलं आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवली. सोमवारच्या फोननंतर ती बाहेर काढली.

पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घेऊन त्यात सगळं सोडलं. राखाडी लगदा, त्यात माशाचे दोन-तीन मणके, पारदर्शक टरफलाचे तुकडे. चिमट्याने एकेक बाजूला केलं. लगद्याखालून नखाएवढा पिवळट तुकडा वर आला. आधी वाटलं खेकड्याची नांगी. भिंगाखाली धरला तर ती खेकड्याची नव्हती. वाकडी, चाकूच्या पात्यासारखी, आणि आतल्या कडेला कंगव्यासारखे काटे, टोकाचा धरून सहा. घडीच्या चाकूसारखी मिटणारी ही नांगी मँटिस श्रिम्प या कोळंबीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याची. आमच्या तासिकेत ती फक्त आकृतीत येते. पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात हा प्राणी ढिगाने येतो आणि खाल्ला जात नाही म्हणून वेगळा काढला जातो. महत्त्वाचं हे, की हा प्राणी समुद्राचा आणि फार तर खाडीचा. गोड्या पाण्यात त्याची एकही जात राहत नाही. ना भीमेत, ना उजनीत, ना सिद्धेश्वर तळ्यात.

शिकारी माशाच्या पोटातलं अन्न फार दिवस टिकत नाही. नांगी अजून ओळखू येण्याइतकी शाबूत होती, म्हणजे या माशाचं शेवटचं एखादं जेवण खाऱ्या पाण्यात झालं आणि त्यानंतर लवकरच तो पकडला गेला. आमच्या विभागातल्या एका सहकारी मॅडमनी लगेच आडवं लावलं: "गळाला लावलेलं आमिष असेल तर?" असू शकतं. उजव्या जबड्याच्या कोपऱ्यात गळाचं भोक होतंही. पण भिगवणच्या कोळ्याने तांबुसासाठी कोकणातून मँटिस श्रिम्प आणून गळ लावला, असं मानायचं असेल तर मग मासा कृष्णेच्या मुखापासून चढत आला हेच मानलेलं काय वाईट? मॅडमनी मान डोलावली.

आणखी एक खूण. खोल पाण्यातून झटकन वर ओढलेल्या स्नॅपरचा वायुकोश फुगतो, कधी जठर उलटून तोंडाबाहेर येतं, डोळे बाहेर येतात. या माशाचं जठर जागेवर होतं, डोळे नुसते बर्फाने पांढुरके झालेले. म्हणजे प्रवाळाच्या खोल तळावरचा नव्हे, उथळ पाण्यातला, बहुधा खाडीतला किंवा नुकता खाडी सोडून निघालेला. मादी होती, अंडाशय पेन्सिलीएवढं बारीक. बाहेरच्या तळावर जायचं वय जेमतेम होत आलेलं.

टेम्पो

विज्ञान इथे थांबलं. पुढचं पोराने शोधलं, मी नाही. पेटी आणणाऱ्या टेम्पोवाल्याला त्याने चहाला बसवलं. पहिल्या कपाला टेम्पोवाला म्हणाला, माल भिगवणचाच. दुसऱ्या कपाला आठवलं, की आदल्या संध्याकाळी तो पुण्याहून निघाला होता, समुद्राच्या मासळीची भाडी घेऊन. पुणे-सोलापूर रस्त्यावरच भिगवण लागतं. तिथे चिलापी भरली. एका पेटीचं झाकण फुटलं होतं, त्यातला माल इकडेतिकडे केला. "एक-दोन मोठे नग राहिले, बर्फ ज्या पेटीत होता त्यात टाकले. मासा तो मासाच की वो."

दुसरा मोठा नग कोणाच्या पेटीत गेला, ते कधीच कळलं नाही. तो बहुधा कालवणात गेला असावा, आणि ज्याने खाल्ला त्याला चिलापी त्या दिवशी फारच झकास लागली असेल.

विष

"सावधान"बद्दल थोडं, कारण लोक तेच विचारत होते. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं, हे खरं आहे आणि त्यावर ओरड व्हायलाच हवी. पण सांडपाण्याने चिलापीचा तांबुसा होत नाही. लाल रंग हा तांबुसाचा जन्मजात रंग आहे, रोग नव्हे.

स्नॅपरच्या बाबतीत विषाची खरी गोष्ट वेगळी आहे. प्रवाळावरच्या शेवाळावर काही सूक्ष्म जीव वाढतात, ते विष तयार करतात. ते लहान माशांतून मोठ्या शिकारी माशांत साठत जातं. त्यातून होणाऱ्या विषबाधेला सिग्वाटेरा म्हणतात. ओठ-बोटं बधिर होतात, थंड वस्तू भाजल्यासारखी लागते. शिजवून, तळून, गोठवून ते विष जात नाही, माशाला वासही येत नाही. कॅप्टन कुकच्या खलाशांना 1774 मध्ये प्रशांत महासागरात असाच मासा बाधला होता. तांबुसाचाच चुलतभाऊ लुटजानस बोहार यासाठी जगभर बदनाम आहे. तो भरप्रवाळातला, मोठ्या वयाचा. खाडीच्या गढूळ पाण्यातून आलेल्या सव्वादोन किलोच्या तांबुसाबद्दल मला ती भीती वाटली नाही. सोलापूरच्या मार्चमध्ये फुटक्या झाकणाच्या पेटीत बर्फ किती तास टिकला, याची जास्त वाटली. म्हणून तो मासा आम्ही खाल्ला नाही. मावशींना ते अजिबात पटलं नाही. सव्वादोन किलोचा नग "पोरांना फाडायला" दिला, असं त्या आठवडाभर बोलत होत्या.

लेबल

पोराला हव्या होत्या त्या दोन ओळी मी शेवटी लिहून दिल्या: "हा मासा तांबुसा असून तो समुद्रात अथवा खाडीत पकडलेला आहे. वाहतुकीत तो उजनीच्या मासळीत मिसळला." त्याने त्या लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावल्या. पुढच्या रविवारी चिलापी संपली, पण माझ्या ओळींमुळे की लोक विसरल्यामुळे, ते सांगता येत नाही.

माशाच्या कानात, म्हणजे कवटीच्या आत, चुनखडीचे दोन मोठे दाणे असतात. त्यांच्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं चढत जातात. ते दोन्ही आम्ही काढले. एक मोडला. दुसरा रेझिनमध्ये बसवून मुलांनी पॉलिश पेपरवर तीन दुपारी घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सहा वर्तुळं स्पष्ट, सातव्यावर वाद. प्रत्येक वर्तुळाला एक वर्ष धरलं तर मासा सहा-सात वर्षांचा. त्या दाण्यातलं स्ट्रॉन्शियम मोजता आलं असतं तर त्याने कोणत्या वर्षी किती खारं पाणी पाहिलं, हेही थरागणिक वाचता आलं असतं, कारण खाऱ्या पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त मुरतं. ते यंत्र आमच्याकडे नाही. दाणा काडेपेटीत कापसावर ठेवला आहे.

डोकं उकळून, मांस काढून, जबडा संग्रहासाठी साफ केला. सुळे आता दुधासारखे पांढरे दिसतात. कपाटात ठेवताना लेबल लिहायची जबाबदारी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे होती. नाव, लांबी, लिंग, तारीख तिने लिहिली. "सापडल्याचं ठिकाण" या रकान्याशी थांबली. "सर, सोलापूर लिहू?"

सोलापूर लिहिलं तर वीस वर्षांनी कोणीतरी ते लेबल वाचेल आणि पुन्हा फोटो काढेल. मी तिला रकान्याचं नावच खोडायला सांगितलं. आता तिथे दोन ओळी आहेत. "मिळाला: सोलापूर, चिलापीच्या पेटीत." त्याखाली "पकडला:" आणि पुढे रिकामी जागा, पेन्सिलीने आखलेली.